खून मठात, गोळीबार रस्त्यावर

वाचकाचं पत्र:
मी माहीमला राहते, बँकेत नोकरी करते. गेली काही वर्षं एक रहस्यकथा लिहितेय. काळ सोळाव्या शतकातला, जागा इंग्लंड. राजा आठवा हेन्री मठ बंद करायला निघालाय आणि एका मठात वृद्ध मदरचा खून होतो. कोठीवरची सिस्टर रत्नजडित क्रुसासाठी तिला मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, पेल्यातून विष घालते. मैत्रिणी म्हणाल्या, "छान आहे गं, पण पुढे काय होतंय याची ओढ लागत नाही." त्यातच आमच्या शेजारच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या जुन्या ख्रिश्चन समाजातल्या, आंटींनी, ज्या आता नव्वदीला टेकल्यात, एक आठवण सांगितली. १९४६ साली नाविकांचं बंड झालं तेव्हा त्या मुंबईतल्या एका कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये होत्या. मुलींच्या गाद्या खिडक्यांपासून लांब ओढल्या होत्या, रात्रभर रोझरीचा जप चालू होता. त्याच आठवड्यात तिथल्या एक सिस्टर तापाने गेल्या आणि त्यांचं दफन घाईघाईत उरकलं. तेव्हापासून माझं इंग्लंडमधलं मन उडालंय. शुक्रवारी रात्री नऊ वाजता चांदण्यात एक खलाशी मठाच्या भिंतीवरून उडी मारतो, असा प्रसंगही सुचलाय. पण आंटींची आठवण वापरावी का? मी ख्रिश्चन नाही, कुणाच्या भावना दुखावतील का? तपासाला मराठी इन्स्पेक्टर दाखवला तर खोटं वाटेल का? आणि आमचे हे म्हणतात, मठातला खून मराठीत वाचणार कोण?
'अडकलेली', माहीम

ताई,

तुमच्या यजमानांचा प्रश्न आधी निकालात काढते. मराठी माणसाने खुनाच्या गोष्टी काय आज वाचायला घेतल्या? गिरगाव-दादरच्या कितीतरी लायब्रऱ्या एके काळी रहस्यकथांच्या पातळ पुस्तकांवर तगल्या. मठ असो नाहीतर चाळ, खुनी सापडत नाही तोवर वाचक ताटावरून उठायला तयार नसतो. तेव्हा त्यांना चहा टाकायला सांगा आणि आपण कामाला लागू.

मैत्रिणींचं म्हणणं खरं आहे, आणि त्याचं कारण तुमच्या कथेच्या सारातच दिसतं. कोठीवरच्या सिस्टरला क्रूस हवाय, म्हणून ती विष घालते. हे ती दहा वर्षं आधीही करू शकली असती आणि दहा वर्षांनंतरही. राजाचे लोक येतात, धाकदपटशा करतात, निघून जातात. हेन्री बिचारा पडद्यामागे नुसते घोडे नाचवतोय! बाहेर देश पेटलाय आणि आतल्या खुनाला त्याचा पत्ताच नाही.

आता त्याच काळाकडे जरा नीट बघा. १५३५ मध्ये इंग्लंडमधल्या धार्मिक संस्थांच्या उत्पन्नाची मोजदाद झाली. १५३६ च्या कायद्याने वर्षाला २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेले मठ बंद करायचं ठरलं. मग राजाची माणसं दारोदार फिरून याद्या करू लागली. घंटा, छपरावरचं शिसं, चांदीची भांडी, सगळं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उत्तर इंग्लंड उठलं, आणि १५४० पर्यंत मोठमोठे मठही गेले. म्हणजे तुमचा क्रूस यादीत चढला की तो राजाचा. मदर सत्यवचनी, ती तो यादीत लिहिणार. कोठीवरची सिस्टर म्हणते, लपवू, उद्या रस्त्यावर आलो तर यावरच पोटाला मिळेल. यादी करणारे उद्या सकाळी येताहेत. झाला की नाही खुनाला मुहूर्त? खुनी नुसती चोरही राहिली नाही. एवढं केलंत तर इंग्लंड सोडायचीही गरज नाही.

पण तुमच्या पत्रात इंग्लंडपेक्षा आंटींनाच जास्त जागा मिळालीय. तेव्हा मुंबईचंच बोलू.

या शहरात अशांत दिवसांचा तोटा नाही. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. १७ नोव्हेंबर १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरले त्या दिवशी दंगल पेटली. त्यात पारशी, ख्रिश्चन आणि ज्यू लोकांवर हल्ले झाले आणि गांधीजींनी उपोषण केलं. कॉन्व्हेंटच्या दृष्टीने ते दिवस फारच भीतीचे, मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून द्या. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ अजून घराघरात जिवंत आहे. तिच्यात काल्पनिक खून घुसवायचा तर हात फार सराईत हवा.

१९४६ चा फेब्रुवारी मात्र जणू कादंबरीसाठीच घडला. सोमवारी १८ तारखेला कुलाब्याच्या 'तलवार' या सिग्नल प्रशिक्षण केंद्रात खलाशांनी जेवणाला नकार दिला. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या कमांडरच्या शिव्या असह्य झाल्या होत्या. बघता बघता बंदरातल्या जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्टांचे झेंडे एकत्र चढले. गुरुवारी २१ ला फोर्टातल्या नौदलाच्या कॅसल बॅरक्समध्ये लष्कर आणि खलाशी अशा दोन्ही बाजूंनी गोळ्या झडल्या. शस्त्रागार तेव्हा खलाशांच्या ताब्यात होतं. लोक गेटवेवर खलाशांसाठी खाणंपिणं घेऊन धावले. शुक्रवारी २२ ला शहरभर हरताळ झाला, लष्कर रस्त्यावर उतरलं. गिरणगावापासून डोंगरी-भेंडीबाजारापर्यंत गोळीबार झाला आणि परळला कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. शनिवारी २३ ला वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून खलाशांनी शरणागती पत्करली. शहरात दोनशेहून जास्त माणसं मेली. सोमवार ते शनिवार, आठवड्याला आदि आहे, अंत आहे. अशी चौकट आयती मिळत नाही.

तुमचा मठ मी माझगावात बसवला असता. एका अंगाला गोदी, दुसऱ्या अंगाला डोंगरी, वरच्या बाजूला भायखळा, आणि भोवती जुनी ख्रिश्चन वस्ती. मठ पूर्ण काल्पनिक ठेवा. नावाला एखादी जुळणारी संत शोधा आणि त्या नावाचं कॉन्व्हेंट मुंबईत खरोखर नाही ना, याची खातरजमा करा.

आता कळीचा मुद्दा. स्वतःला दोनच प्रश्न विचारा: त्या शुक्रवारने खुन्यासाठी कोणतं दार उघडलं? आणि तपास करणाऱ्यासाठी कोणतं बंद केलं? दोन्हींची उत्तरं सापडली तर अशांतता कथेत मुरली. एकाचंही सापडलं नाही तर पुन्हा घोडेच नाचणार.

उघडलेलं दार म्हणजे मुडदाघर. त्या काळी मुंबईत संशयास्पद किंवा अपघाती मृत्यू झाला की प्रकरण कोरोनरकडे जायचं. १८७१ च्या कायद्याने मुंबई आणि कलकत्त्याला तशी व्यवस्था होती, ज्यूरी बसायची, मरणाचं कारण ठरायचं. एरवी मठातून सिस्टरचं प्रेत आलं असतं तर भुवया उंचावल्या असत्या. पण त्या शुक्रवारी प्रेतांची रीघ लागलीय, नातेवाईक बाहेर टाहो फोडताहेत, आणि कुणी येऊन सांगतं की सिस्टर खिडकीत उभ्या होत्या, रस्त्यावरची गोळी लागली. कोण प्रश्न विचारणार? अर्थात हजार मुडद्यांत एक मुडदा खपवायची युक्ती जुनीच. सराईत वाचक ती तिसऱ्या प्रकरणात ओळखेल. ओळखू द्या. 'गोळी रस्त्यावरची नव्हती' हे त्याला लवकर कळलेलंच बरं, मग कुणाची आणि का, यासाठी तो तुमच्या मागे येईल.

पकडायचं कशावरून? दूरवरून आलेल्या रायफलच्या गोळीने जखमेभोवती दारूची काजळी साचत नाही. जवळून झाडलेल्या रिव्हॉल्व्हरने साचते. हा झाला ढोबळ पुरावा. याहून सुरेख पुरावा मठाच्या रिवाजात दडलाय, तो सांगते.

त्या काळी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर आदल्या मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये, अशी सक्त अट होती. पाण्याचा घोटसुद्धा नाही! पाण्याची मुभा १९५३ मध्ये मिळाली. मरणाच्या दारातल्या माणसाला तेवढी सूट असे. म्हणजे मठात पहाटे उठायचं, प्रार्थना, मिस्सा, प्रसाद, आणि त्यानंतर न्याहारी. आता समजा मदर सुपीरियरने जबानी दिली, "सिस्टर न्याहारी करून वर गेल्या आणि दहाच्या सुमाराला गोळी लागली." शवविच्छेदनाच्या कागदावर मात्र पोट रिकामं. म्हणजे त्या न्याहारीपर्यंत जगल्याच नाहीत. आणि पहाटे त्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, गोळ्या कुठल्या?

यातली गंमत अशी की कोरोनरच्या कचेरीतल्या गिरगावच्या कारकुनाला रिकामं पोट दिसतं, पण मध्यरात्रीच्या उपासाचा नियम त्याच्या गावी नाही. मठातल्या स्वयंपाकघरातल्या सिस्टरला नियम पाठ आहे, पण शवविच्छेदनाचा कागद तिला कोण दाखवणार? अर्धा पुरावा याच्याकडे, अर्धा तिच्याकडे, आणि एरवी दोघांची आयुष्यात गाठ पडायचं कारण नाही. त्यांना समोरासमोर आणणं हीच तुमची कादंबरी. मला विचाराल तर इन्स्पेक्टरपेक्षा हा कारकून कितीतरी जास्त कामाचा.

रिवाजांची ही खाण सोडू नका. मिस्साच्या वेळी द्राक्षारस फक्त धर्मगुरू प्यायचा, तेव्हा त्या पेल्यात विष घालून सिस्टर मरणार नाही, फादर मरेल. (इंग्लंडच्या आवृत्तीत तुम्ही मदरला पेल्यातूनच विष दिलंय. तेवढं तिथेही बदला.) रात्रीच्या प्रार्थनेपासून सकाळपर्यंत मौन असे, म्हणजे रात्री कुणाचा आवाज आला तर तो नियम मोडून आलेला. मठाच्या आतल्या भागात परपुरुषाला मज्जाव, डॉक्टरसारखे मोजके अपवाद. हवालदाराला दारात थोपवायला मदरला एवढं कारण पुरे. तुमचं बंद दार ते हेच, आणि हरताळामुळे वरच्या अधिकाऱ्याला यायला उशीर झाला की ते जास्तच घट्ट बंद.

सिस्टरांची पत्रं सुपीरियर उघडून वाचायची, मात्र आर्चबिशपना लिहिलेलं पत्र उघडायचा तिला अधिकार नव्हता. तेव्हा मुंबईचे आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स होते, जेझुइट संघातले इंग्रज धर्मगुरू. तुमची मेलेली सिस्टर गुरुवारी असं एक बंद पाकीट टपालात टाकायला देते आणि शुक्रवारी सगळं शहर ठप्प. ते पाकीट चार दिवस कुणाच्या पेटीत पडून राहतं? मला तर हे लिहितानाच हात शिवशिवायला लागले.

एक मात्र टाळा: खुनी फादरपाशी पापनिवेदन करतो आणि फादर गुपिताच्या बेडीत अडकतो. फार वापरून झालंय.

हेतूसाठी लांब जाऊ नका. बऱ्याच युरोपीय धर्मसंघांत तेव्हा सिस्टरांचे दोन थर असत. वरच्या थरातल्या शिकवायच्या, कारभार बघायच्या. खालच्या थरातल्या स्वयंपाक, धुणं, झाडलोट करायच्या. मठप्रवेशाच्या वेळी कोण किती शिकलेली, कुणी हुंडा किती आणला, यावर पुष्कळ ठरायचं. ही विभागणी १९६० च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मोडली. उत्तन-गोराईची एखादी मराठी बोलणारी मुलगी खालच्या थरात, आणि तिचा धाकटा भाऊ नौदलात स्ट्युअर्ड. गुरुवारपासून स्वयंपाकघरातले पाव कमी भरायला लागतात. मुंबईत १९४३ पासून रेशन, बोर्डिंगच्या मुलींचं सगळं मोजून-मापून, वहीत नोंद. चोवीस लाद्या आल्या, मुलींना वीस वाटल्या, उरलेल्या चार कुठे गेल्या? कुणी म्हणेल उंदीर, कुणी म्हणेल मोलकरीण. गेटवेवर गेल्या की कोळशाच्या खोलीत लपलेल्या भावाच्या पोटात, ते तुम्ही ठरवा. रिव्हॉल्व्हर कुठून आलं याचंही उत्तर त्या कोळशाच्या खोलीत आहे. मात्र भावाला खुनी करू नका, वाचक पहिला संशय त्याच्यावरच घेणार. मदर सुपीरियरही नको. छडी घेतलेली दुष्ट गोरी मदर बघून आपण सगळेच कंटाळलोत. तिला खोटं बोलायला लावा, पण कुणाला तरी वाचवण्यासाठी.

चांदण्याचा तुमचा प्रसंग जसाच्या तसा चालणार नाही. पौर्णिमा जवळजवळ आठवड्यापूर्वीच होऊन गेली होती, माघ वद्य चालू होता. त्या शुक्रवारी चंद्र उगवायला मध्यरात्र जवळ आली असेल. रात्री नऊला मिट्ट काळोख. उलट तुमच्या पथ्यावरच पडलं, पहारेकऱ्याला कुणी ओळखू आलं नाही हे आपोआप पटतं. जुनं पंचांग दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा. शुक्रवार असल्याने मठात त्या दिवशी मांसाहार नाही, हेही टिपून ठेवा. राखेचा बुधवार त्या वर्षी ६ मार्चला होता, तेव्हा त्या दिवसापासून सुरू होणारा इस्टरआधीचा उपवासकाळ अजून सुरू झालेला नाही.

आता आंटी. इथे मी जरा कडक बोलणार आहे. ज्या सिस्टर तापाने गेल्या त्यांना तापानेच जाऊ द्या. घाईत दफन झालं यात काही काळंबेरं नाही. बाहेर गोळीबार, अंगात ताप, मुंबईची हवा, कोण प्रेत घरात ठेवील? त्या सिस्टरची कुठे तरी भाचवंडं असतील, त्यांच्या प्रार्थनेत तिचं नाव असेल. तुमच्या पुस्तकात त्यांनी तिला गळा दाबलेली का वाचावी? तुमच्या कथेतली सिस्टर वेगळ्या वयाची, वेगळ्या गावची, वेगळ्या कामावरची करा आणि मरणही वेगळं द्या.

गाद्या मात्र घ्या. खिडकीपासून ओढलेल्या गाद्या, अंधारात चाललेली रोझरी, यावर कुणा एकाची मालकी नाही. पण घेण्याआधी आंटींना सांगा. "आंटी, मी गोष्ट लिहितेय, त्यात खून आहे, तुमचं बोर्डिंग नाही, पण तुमच्या गाद्या आहेत." एवढं सरळ. त्या नको म्हणाल्या तर नको. हो म्हणाल्या तर मग त्यांच्याजवळ बसून ते विचारा जे कुठल्याच ग्रंथालयात सापडणार नाही: पाय किती वाजले की धुवायचे, मौन मोडलं तर शिक्षा काय, कोणती सिस्टर मुलींशी मराठीत बोलायची, आंघोळीचं पाणी गरम मिळायचं का. एका बैठकीत सगळं उरकू नका, नव्वदीचं माणूस थकतं.

भावनांचं म्हणाल, तर माझा अनुभव असा की श्रद्धावंत माणूस खुनाने दुखावत नाही, चुकीच्या तपशिलाने दुखावतो. सिस्टरने मिस्सा अर्पण केली असं कुठे लिहिलंत तर मात्र तुमची खैर नाही, तो अधिकार फक्त धर्मगुरूचा. लिहून झालं की हस्तलिखित दोन ख्रिश्चन वाचकांना द्या, त्यातला एक वसईकर असू द्या. दफनाची, प्रार्थनेची भाषा ते चटकन दुरुस्त करतील. 'द एक्झामिनर' हे मुंबईच्या कॅथलिकांचं साप्ताहिक १८५० पासून निघतंय. त्या फेब्रुवारी-मार्चचे अंक मिळवून वाचा. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्याच आठवड्याची वर्तमानपत्रं मागा. बातम्यांपेक्षा जाहिराती आणि 'आज बंद राहील' छापाच्या सूचना जास्त बारकाईने वाचा, तुमच्या पात्रांनी त्या दिवशी काय पाहिलं ते तिथे सापडेल.

राहिला तुमचा मराठी इन्स्पेक्टर. खोटा अजिबात वाटणार नाही, मुंबई पोलिसांत तेव्हा भारतीय अधिकारी होतेच. पण त्याला आरामात बसून सिगारेट ओढत तर्क लढवू देऊ नका. सकाळी त्याने लालबागला आपल्याच माणसांवर लाठी उगारलेली असेल, डोक्यावर इंग्रज साहेब असेल, आणि घरी त्याचा मुलगा हरताळात घोषणा देऊन आला असेल. मठातला खून उकलायला त्याच्याकडे फार तर शनिवारची दुपार आहे. शिवाय रस्त्यावर मेलेल्या शेकडोंचा तपास कुणी करणार नाही आणि मठातल्या एका सिस्टरचा मात्र झालाच पाहिजे, हे त्याला वरून फोनवर सांगितलं गेलंय. तो फोन ठेवल्यावर तो काय करतो, तिथून त्याचं प्रकरण सुरू करा.